खाडीपलीकडे ४ किलोमीटर: परवान्याची मायक्रोवेव्ह लिंक निवडताना आणि तिचा खर्च मांडताना

मायक्रोवेव्ह लिंकचं, म्हणजे दोन डिश समोरासमोर रोखून चालवलेल्या बिनतारी जोडणीचं, कोटेशन मागवलं की विक्रेता पहिल्याच ओळीत वेग लिहितो: ४०० मेगाबिट, ८०० मेगाबिट, एक गिगाबिट. गिऱ्हाईक तोच आकडा धरून तीन कोटेशनं शेजारी शेजारी ठेवतं आणि त्यातलं स्वस्त उचलतं. सह्याद्रीच्या पश्चिमेला हा हिशोब उलट्या टोकाकडून करावा लागतो. सगळ्यात वाईट पावसात लिंकमधून किमान किती मेगाबिट गेलेच पाहिजेत, हा आकडा आधी ठरवायचा. बँड (वारंवारतेचा पट्टा), डिश, मास्ट (डिशचा खांब) आणि शेवटी पैसे त्याच्यामागून ठरत जातात.

पुढचं सगळं एका उदाहरणावर मांडतो. एक छोटा इंटरनेट सेवा पुरवठादार आहे. खाडीच्या एका काठापर्यंत त्याच्याकडे फायबर आलं आहे आणि पलीकडच्या वाड्यांमध्ये त्याला १२० जोडण्या द्यायच्या आहेत. हवाई अंतर ४ किलोमीटर, रस्त्यानं मात्र भलामोठा वळसा. दाभोळ, जयगड, बाणकोट अशा ज्या खाड्या लोक अजून फेरीबोटीनं ओलांडतात, तिथे हे चित्र नवं नाही.

आधी लिंक टाळता येते का ते पाहा

पलीकडच्या काठावर कोणाचंही फायबर पोचलं असेल आणि ते परवडणाऱ्या भाड्यानं मिळत असेल, तर इथेच थांबा आणि ते घ्या. रेडिओची हौस नंतर भागवता येईल.

दुसरा पर्याय ५ गिगाहर्ट्झचा. भारतात ५१५० ते ५८७५ मेगाहर्ट्झमधला बराचसा भाग २०१८ साली परवानामुक्त झाला. रेडिओ स्वस्त आहेत, अर्ज करावा लागत नाही आणि या बँडला पावसाचा त्रास जवळजवळ नाही. अडचण गर्दीची. आज मोकळा दिसणारा चॅनेल उद्या शेजारच्या हॉटेलच्या छतावर बसलेल्या रेडिओनं भरून जाईल आणि त्याबद्दल तक्रार कोणाकडेच करता येणार नाही. शहरात हा पर्याय मी मुख्य लिंकसाठी सुचवणार नाही. खाडीकाठी मात्र दोन्ही टोकांना आठवडाभर स्पेक्ट्रम स्कॅन लावून पाहा. हवा खरोखर मोकळी निघाली तर पहिली दोन वर्षं ५ गिगाहर्ट्झवर काढणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे. परवान्याच्या लिंकमध्ये आपण विकत घेतो ती एवढीच हमी: या जागेत, या वारंवारतेवर दुसरं कोणी बोलणार नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच तपासा. परवान्याचा बँड कोणालाही मिळत नाही. तुमच्याकडे दूरसंचार सेवेचा परवाना हवा, नाहीतर स्वतःच्या वापरापुरत्या जाळ्याचा, म्हणजे कॅप्टिव्ह वापराचा रस्ता धरावा लागतो. दोन गोदामं जोडू पाहणाऱ्या कारखानदारानं बहुतेक वेळा एखाद्या परवानाधारक कंपनीकडून जोडणी भाड्यानं घेणंच बरं. कागदपत्रांत जाणारं वर्ष वाचतं.

किती हवं आणि पावसात किती हवं

गर्दीच्या वेळी दर जोडणीमागे सरासरी दीड मेगाबिट धरले, तर १२० जोडण्यांना १८० मेगाबिट लागतात. हा झाला कोरड्या रात्रीचा आकडा. पावसाचा आकडा वेगळा. ढगफुटीसारख्या सरीत पंधरा मिनिटं व्हिडिओ अडखळले तर लोक समजून घेतात. पण यूपीआय, फोन, पतपेढीची जोडणी आणि आरोग्य केंद्र बंद पडता कामा नये. त्यासाठी ४० मेगाबिट पुरेसे आहेत असं धरू.

हे दोन आकडे एकाच रेडिओतून मिळतात, कारण आजचे रेडिओ हवामान पाहून मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर माहिती चढवायची पद्धत, बदलतात. २८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये १०२४ क्वाम या दाट मॉड्युलेशनवर साधारण २२५ मेगाबिट जातात. सिग्नल खाली आला की रेडिओ ५१२, २५६, ६४ असा उतरत शेवटी क्यूपीएसके या सावकाश पण चिवट मॉड्युलेशनवर येतो आणि तिथे सुमारे ४० मेगाबिट उरतात. लिंक तुटत नाही, बारीक होते. म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा: प्रत्येक मॉड्युलेशनला माझ्या अंतरावर वर्षात किती टक्के वेळ मिळेल? त्याचा तक्ता द्यायला जो टाळाटाळ करतो, त्यानं बहुधा गणित केलेलंच नसतं.

मात्र लिंक बारीक झाल्यावर कोणतं पॅकेट आधी जाईल हे आपल्या राउटरला सांगून ठेवावं लागतं. प्राधान्य ठरवलेलं नसेल तर ४० मेगाबिटमध्ये पहिल्यांदा घुसतो तो कोणाचा तरी क्रिकेटचा सामना, आणि पतपेढी बाहेर राहते.

पावसाचं गणित

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सरासरी काढली तर ताशी फक्त ३९ मिलिमीटर. लिंकच्या गणितात दिवसभराच्या पावसाला फारसा अर्थ नसतो. मिनिटामिनिटाला पावसाचा जोर किती होता, ते लागतं. वर्षातल्या ०.०१ टक्के वेळात, म्हणजे सुमारे ५३ मिनिटांत, पाऊस कोणत्या दराच्या वर जातो, तो आकडा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.८३७ या शिफारशीतल्या नकाशावरून घेतात. किनारपट्टीवर ढोबळ हिशोबासाठी ताशी १०० मिलिमीटर धरून चाला.

या दराला दर किलोमीटरला किती सिग्नल मरतो ते पी.८३८ मध्ये आहे. उभ्या ध्रुवीकरणासाठी, म्हणजे लहर उभी डोलत असेल तर, साधारण असं येतं (दर ३ डेसिबलला सिग्नलची शक्ती निम्मी होते): ७ गिगाहर्ट्झला सव्वा डेसिबलच्या आसपास, १५ ला ६, १८ ला ८, २३ ला ११ आणि ८० गिगाहर्ट्झला ३०. आडवं ध्रुवीकरण घेतलं तर १५ चा आकडा ८ वर आणि १८ चा १० वर जातो. पडताना थेंब चपटे होतात, त्यामुळे आडव्या लहरीला त्यांचा जास्त अडथळा होतो. म्हणून परवान्याच्या अर्जात उभं ध्रुवीकरण मागा. त्याला पैसे लागत नाहीत आणि ४ किलोमीटरवर काही डेसिबल फुकट पदरात पडतात.

जोरदार सरीचा गाभा लहान असतो, पूर्ण ४ किलोमीटरवर एकाच जोरानं पाऊस कोसळत नाही. पी.५३० मधलं सूत्र ही सवलत देतं. १५ गिगाहर्ट्झ, ४ किलोमीटर, ताशी १०० मिलिमीटर असं घालून गणित केलं तर वर्षातली ५३ मिनिटं सोडता पावसाचं नुकसान १९ डेसिबलच्या आत राहतं, म्हणजे ९९.९९ टक्के. तेच ९९.९९९ टक्क्यांना, वर्षातली पाच-सव्वापाच मिनिटं सोडून, ३७ डेसिबल होतं. ९९.९ टक्क्यांना जेमतेम ७.

श्रावणातली सरळ रिपरिप या लिंकला काहीच करत नाही. ताशी ३० मिलिमीटरचा पाऊस पूर्ण वाटेवर पडत राहिला तरी नुकसान ७ डेसिबलच्या आत. खरा धोका मेअखेरच्या वळवाचा, जूनच्या पहिल्या तडाख्याचा आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटी पावसाचा. आणि ती ५३ मिनिटं बारा महिन्यांत वाटून येत नाहीत. सगळी त्या मोजक्या दिवसांत, बहुधा संध्याकाळी, गर्दीच्या वेळीच येतात. ग्राहकाला करारात ९९.९९ टक्के लिहून देताना हिशोब वर्षाचा आहे की महिन्याचा, हे स्पष्ट लिहा. महिन्याचा लिहिला तर पावसाळ्यात पहिल्याच बिलात दंड भराल.

सिग्नलचा जमाखर्च

१५ गिगाहर्ट्झला ४ किलोमीटरच्या मोकळ्या हवेतलं नुकसान १२८ डेसिबल. सूत्र सोपं आहे: ९२.४५, अधिक गिगाहर्ट्झच्या लॉगची वीस पट, अधिक किलोमीटरच्या लॉगची वीस पट. ६० सेंटिमीटरच्या डिशला साधारण ३६.५ डीबीआय गेन, म्हणजे सिग्नल एकाच दिशेला रोखल्यानं होणारी वाढ, मिळते. १०२४ क्वामवर रेडिओ २० डीबीएम (मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) देतो असं धरलं आणि जोडणीतली घट १ डेसिबल घेतली, तर पलीकडे येणारा सिग्नल असा:

२० + ३६.५ + ३६.५ − १२८ − १ = −३६ डीबीएम

१०२४ क्वामला सुमारे −६३ डीबीएम लागतात. म्हणजे मार्जिन, पावसासाठी उरलेली शिल्लक, २७ डेसिबल, ९९.९९ टक्क्यांच्या १९ पेक्षा आरामात जास्त. क्यूपीएसकेवर रेडिओ सहा डेसिबल जास्त शक्ती देऊ शकतो आणि त्याला −८८ पुरतात, त्यामुळे मार्जिन ५८. पाच नऊंसाठी, म्हणजे ९९.९९९ टक्क्यांसाठी, लागणारे ३७ त्यात सहज बसतात. थोडक्यात, आपल्या ४० मेगाबिटना या लिंकवर पाऊस हात लावू शकत नाही आणि पूर्ण वेग वर्षातून तासाभरापेक्षा कमी वेळ जातो. शक्ती आणि संवेदनक्षमतेचे (किती क्षीण सिग्नल वाचता येतो याचे) आकडे रेडिओगणिक दोन-चार डेसिबलनी इकडेतिकडे असतात. विक्रेत्याच्या डेटाशीटमधून घ्या, आणि त्यातही ‘ठरावीक’ नव्हे तर ‘हमीचा’ रकाना वाचा.

आता हेच ३० सेंटिमीटरच्या डिशनं करून पाहा. प्रत्येक टोकाला ६, मिळून १२ डेसिबल गेले. क्यूपीएसकेचं मार्जिन ४६, म्हणजे किमान क्षमता तरीही सुरक्षित. १०२४ क्वामचं मार्जिन मात्र १५ वर आलं, चार नऊंच्या खाली. मास्ट कच्चा असेल, छताचा मालक कुरकुरत असेल, तर लहान डिश ही लाजिरवाणी तडजोड नाही. किमान आकडा आधी ठरवून ठेवल्यामुळेच हा निर्णय निर्धास्तपणे घेता येतो.

बँड

भारतात टॉवरपर्यंतच्या जोडणीसाठी १३, १५, १८ आणि २१ गिगाहर्ट्झ हे बँड वापरात आहेत, चॅनेल २८ मेगाहर्ट्झच्या जोड्यांचे. ६ आणि ७ गिगाहर्ट्झ लांब पल्ल्याच्या मुख्य लिंकसाठी (बॅकबोन). ४ किलोमीटरला ७ गिगाहर्ट्झ मागणं म्हणजे स्पेक्ट्रमची उधळपट्टी. डिश मोठी लागेल आणि परवानगी देणारा प्रश्न विचारेल.

आपल्या अंतराला १५ आणि १८ दोन्ही चालतात. १८ ला पावसाचं नुकसान ९९.९९ टक्क्यांना २३-२४ डेसिबल येतं, पण त्याच डिशचा गेनही थोडा वाढतो. २१ ते २३ च्या पट्ट्यात तोच आकडा ३० च्या वर आणि पाच नऊंना ६० च्या घरात जातो. तिथे क्यूपीएसकेचंही मार्जिन संपतं. दोन किलोमीटरच्या लिंकला २१ उत्तम, चारला नको.

८० गिगाहर्ट्झच्या ई-बँडची जाहिरात सगळीकडे दिसते, कारण त्यात अनेक गिगाबिट मिळतात. किनाऱ्यावर त्याची झेप किलोमीटर-दीड किलोमीटर. एका किलोमीटरलाच ९९.९९ टक्क्यांसाठी ३७-३८ डेसिबल बाजूला काढावे लागतात. शिवाय जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ई-बँडचे प्रत्येकी २५० मेगाहर्ट्झचे दोन कॅरियर तात्पुरते दिले, ते मोठ्या मोबाइल कंपन्यांच्या ५जी साठी. ब्रिटनमध्ये हीच लिंक वर्षाला ५० पौंडांत नोंदवता येते, हे वाचून छोट्या पुरवठादारानं हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही.

वाट पाहणी

नकाशावर रेघ ओढून लाइन ऑफ साइट (डिशपासून डिशपर्यंतची मोकळी नजर) ठरत नाही. १५ गिगाहर्ट्झला ४ किलोमीटरच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची, म्हणजे रेघेभोवती लहरीला लागणाऱ्या जागेची, त्रिज्या साडेचार मीटर असते. तिच्या किमान ६० टक्के, म्हणजे २.७ मीटर, जागा रेघेच्या खाली आणि बाजूला मोकळी हवी. पृथ्वीची वक्रता या अंतराला पाव मीटरसुद्धा नाही, ती विसरा. नारळ मात्र विसरू नका. डिशसमोरचं माड आज दोन मीटर खाली असेल तर चार-पाच वर्षांनी ते तुमच्या लिंकमध्ये उभं असेल. माडाच्या मालकाशी आजच बोलून घ्या, नाहीतर उंची वाढवा.

पाण्यावरून जाणाऱ्या लिंकला आणखी एक खोड असते. खाडीचं शांत पाणी लहर परावर्तित करतं, थेट आलेली आणि पाण्यावरून आलेली लहर पलीकडे एकमेकींना मारतात. भरती-ओहोटीनं पाण्याची पातळी बदलते, तशी ही मारामारीही बदलते. लक्षण असं: पाऊस नाही, वारा नाही, तरी दिवसातून दोनदा सिग्नल खाली जातो आणि दर दिवशी ती वेळ पाऊणएक तासानं पुढे सरकते. उपाय नियोजनातच करावा लागतो. एक टोक उंच सड्यावर (खडकाळ पठारावर) आणि दुसरं खाली ठेवलं की परावर्तनाचा बिंदू खालच्या टोकाकडे सरकतो आणि तो किनाऱ्यावरच्या झाडीत किंवा खडकात पाडता येतो. दोन्ही डिश सारख्या उंचीवर आणि मधे नुसतं पाणी, ही सगळ्यात वाईट मांडणी. पाहणी करणारा माणूस भरतीची वेळ विचारत नसेल तर त्याला खाडीवरच्या लिंकचा अनुभव नाही असं समजा.

मास्ट, वारा, अर्थिंग

१५ गिगाहर्ट्झला ६० सेंटिमीटरच्या डिशचा किरण सव्वादोन अंशांच्या आसपास रुंद असतो, म्हणून साध्या पण घट्ट मास्टवर चालून जातं. ८० गिगाहर्ट्झला तीच डिश अर्ध्या अंशाहून अरुंद. तिथे पाण्याच्या टाकीला बांधलेला जीआय पाइप चालत नाही.

वाऱ्याचं गणित करून घ्या. मुंबईसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्या वेगाला ६० सेंटिमीटरच्या डिशवर ४०-४५ किलोचा दाब येतो, १.२ मीटरच्या डिशवर त्याच्या चौपट. ३ जून २०२० ला अलिबागजवळ आदळलेल्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावर ‘एवढा वारा कुठे येतो’ असं कोणी म्हणू नये.

जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग नीट लागत नाही. दगड कोरडा, रोध जास्त. एका खड्ड्यावर भागवू नका, दोन-तीन खड्डे जोडून घ्या आणि मेअखेर, जमीन सगळ्यात कोरडी असताना, रोध मोजा. ऑगस्टमध्ये मोजलेला चांगला आकडा फसवा असतो. खारा वारा नट-बोल्ट खातो, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड लोखंड आणि ३१६ स्टीलचे बोल्ट. केबल डिशजवळ खाली लोंबता वळसा देऊन आत घ्या, पाणी कनेक्टरमध्ये न जाता वळशावरून टपकून जातं. वानरांचा उपद्रव असेल तिथे केबल लोखंडी नळीतून न्या.

कागदपत्रं

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतात. वारंवारता या विभागाची डब्ल्यूपीसी ही बिनतारी शाखा देते, मास्टच्या जागेची मंजुरी सॅक्फा ही सल्लागार समिती. विमानतळाजवळ असाल तर उंचीचा प्रश्न आधी सोडवा. रेडिओचं मॉडेल मान्यताप्राप्त आहे ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. १५ जून २०२१ पासून परवानाधारक कंपन्यांना जाळ्यातली उपकरणं ‘विश्वासार्ह स्रोता’कडूनच घ्यावी लागतात, स्वस्त मिळालेला परदेशी जुना रेडिओ इथे अडकतो. दूरसंचार कायदा २०२३ आल्यापासून नियम नव्यानं लिहिले जात आहेत, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचं ताजं परिपत्रक वाचा.

वार्षिक स्पेक्ट्रम शुल्काचं जुनं सूत्र तीन गुणकांचं आहे: अंतराच्या टप्प्याचा गुणक, चॅनेलच्या रुंदीचा गुणक आणि वारंवारतांची संख्या. जाण्याची आणि येण्याची वारंवारता वेगळी मोजली जाते, म्हणून एका लिंकला दोन. रुंद चॅनेल मागितला की शुल्क वाढतं आणि वर मार्जिनही जातं, कारण रुंदी दुप्पट केली की ३ डेसिबल कमी होतात. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकानं वर्षानुवर्षं वापरलेलं सूत्र वेगळ्या डोक्यानं बनलेलं आहे. तिथे दर मेगाहर्ट्झ-जोडीला ८८ पौंड मूळ किंमत धरून तिला बँड, अंतर आणि उपलब्धतेच्या गुणकांनी गुणतात. १८ गिगाहर्ट्झचा गुणक ०.३०, म्हणून २८ मेगाहर्ट्झच्या, चार नऊंच्या लिंकला ८८ × २८ × ०.३० म्हणजे सुमारे ७३९ पौंड येतात. लांब पल्ल्याच्या बँडवर आखूड लिंक टाकली तर अंतराचा गुणक वाढतो आणि दंड बसल्यासारखं शुल्क चढतं. आपल्याकडे अंतर वाढलं की शुल्क वाढतं, तिथे बँडच्या मानानं अंतर कमी पडलं तरी वाढतं.

या टप्प्यावरची सगळ्यात महाग चूक म्हणजे वारंवारता हातात येण्याआधी रेडिओ मागवणं. रेडिओतला डुप्लेक्सर (जाणारी आणि येणारी लहर वेगळी ठेवणारा भाग) ठरावीक सब-बँडसाठीच, म्हणजे बँडच्या एका तुकड्यासाठीच, बनलेला असतो. १८ गिगाहर्ट्झमध्येच जाण्या-येण्याच्या वारंवारतांतलं अंतर १०१० मेगाहर्ट्झ असू शकतं किंवा १५६०. वर एका टोकाचा रेडिओ ‘हाय’ आणि दुसऱ्याचा ‘लो’, म्हणजे एक जोडीतल्या वरच्या वारंवारतेवर पाठवतो, दुसरा खालच्या. मिळालेली जोडी तुमच्या रेडिओच्या सब-बँडबाहेर पडली तर ते खोके कपाटात राहतात. पत्र हातात, मग ऑर्डर.

सुट्या रेडिओचंही तेच. एक सुटा रेडिओ ठेवून भागत नाही, हायचा एक आणि लोचा एक लागतो, निदान विक्रेत्याकडून ४८ तासांत बदलून देण्याची लेखी हमी तरी.

कोटेशन कसं वाचायचं

‘४५० मेगाबिट’ दिसलं की विचारा: एका दिशेनं की दोन्ही मिळून? २२५ ची लिंक दोन्ही दिशा बेरजेला धरून ४५० होते. मग विचारा: कोणत्या पॅकेट-आकाराला, हेडर दाबून की न दाबता? ६४ बाइटच्या पॅकेटवर दाबून मोजलेला आकडा देखणा दिसतो, घरगुती वाहतुकीत तो कधी मिळत नाही.

क्षमतेची चावी वेगळी विकतात. हार्डवेअर २२५ चं, पण १०० च्या वर जायला सॉफ्टवेअर परवाना, मॉड्युलेशन बदलायची सोय आणखी वेगळी. दोन्ही किंमतीत धरून मागा.

१+१ संरक्षणाचा, म्हणजे जोडीला राखीव रेडिओ ठेवण्याचा, आग्रह विक्रेते धरतात. दुसरा रेडिओ पहिला बिघडल्यावर उभा राहतो, हे खरं. पण पाऊस दोघांवर एकदमच पडतो. माझं मत स्पष्ट आहे: त्याच पैशात त्याच मास्टवर ५ गिगाहर्ट्झची परवानामुक्त लिंक लावा. मुख्य रेडिओ बिघडला तरी ती चालते आणि १५ गिगाहर्ट्झला बारीक करणाऱ्या पावसातही ती चालते. अटी दोनच: खाडीकाठची हवा स्कॅनमध्ये मोकळी निघालेली असावी आणि दोन्ही लिंकची वीज वेगळ्या फ्यूजवर असावी.

पाच वर्षांचा हिशोब

खालचे रुपये निव्वळ मांडणी दाखवण्यासाठी कल्पून घेतले आहेत. तुमच्या कोटेशनमधले घाला. जीएसटी धरलेला नाही.

एकदाच होणारा खर्च: रेडिओ आणि डिशची जोडी ५.५ लाख, दोन्ही टोकांचे मास्ट आणि बांधकाम ३ लाख, अर्थिंग, बॅटरी, वीज १.२ लाख, पाहणी, बसवणं आणि अलाइनमेंट (डिश एकमेकींवर नेमक्या रोखणं) ८० हजार, सुटे रेडिओ २ लाख. बेरीज १२.५ लाख.

दर वर्षी: स्पेक्ट्रम आणि परवाना ६० हजार, एएमसी (वार्षिक देखभाल करार) ६० हजार, दोन्ही जागांचं भाडं १.२ लाख, वीज ९ हजार. विजेचा आकडा असा येतो की दोन्ही टोकं स्विचसकट १०० वॅट धरली तर वर्षाला ८७६ युनिट होतात आणि दर दहा रुपयांच्या आसपास. बेरीज २.४९ लाख, पाच वर्षांत साडेबारा लाखांना थोडी कमी.

एकूण २५ लाख, महिन्याला ४१-४२ हजार. २२५ मेगाबिटवर भागलं तर दर मेगाबिट १८५ रुपये पडतो. पावसातही खात्रीच्या ४० मेगाबिटवर भागलं तर हजाराच्या वर. दोन कोटेशनं तोलताना दोन्ही भागाकार करा. स्वस्त दिसणारी लिंक दुसऱ्या भागाकारात अनेकदा महाग निघते.

शिवाय या मांडणीत रेडिओ एकूण खर्चाच्या जेमतेम २२ टक्के आहे. विक्रेत्याशी घासाघीस करून त्यात १० टक्के सूट मिळवली तर पाच वर्षांच्या हिशोबात २ टक्के वाचतात. जागेचं भाडं महिन्याला हजार रुपयांनी कमी करून घेतलं तरी तितकेच वाचतात, आणि जागामालक सहसा चहावर तयार होतो. पाच वर्षांचा लेखी भाडेकरार आणि त्यातली दरवाढ आधीच ठरवून घ्या. लिंक चालू झाल्यावर मालकाला तुमची अडचण कळलेली असते.

बसवून घेताना

काम मेअखेर संपेल अशा बेतानं मागून मोजत या आणि अर्जाला महिने लागतात हे धरा. अलाइनमेंट झाल्यावर प्रत्यक्ष सिग्नल गणिताच्या दोन-तीन डेसिबलच्या आत यायला हवा. −३६ च्या जागी −५६ दिसत असेल, तर डिश बहुतेक मुख्य किरणाऐवजी बाजूच्या पाकळीवर, म्हणजे शेजारच्या कमजोर किरणावर, अडकली आहे. बसवणारा ‘चालतंय ना’ म्हणून खाली उतरायला निघेल. त्याला परत वर पाठवा, डिश आडवी आणि उभी, दोन्ही दिशांना पूर्ण फिरवून सगळ्यात उंच शिखर शोधायला सांगा. कोरड्या हवेत हे २० डेसिबल कोणाला जाणवत नाहीत, पहिल्याच वळवात जाणवतात.

मग ७२ तास पूर्ण भारावर चाचणी, दोन्ही दिशांनी, त्यात किमान एक पूर्ण भरती आणि ओहोटी. सिग्नल आणि मॉड्युलेशनची नोंद दर मिनिटाला साठवायची सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. विक्रेत्याचे शेवटचे १० टक्के ऑक्टोबर संपेपर्यंत रोखून धरायची अट खरेदीच्या आदेशातच घाला. त्यानं दिलेला मॉड्युलेशनचा तक्ता आणि पावसाळ्यातल्या नोंदी शेजारी ठेवा, जुळल्या तर पैसे सोडा.